बारागाड्यांची सिद्धता

इंग्रजी अंमलातील खानदेश जिल्हा १९०६ साली पूर्व व पश्चिम असा विभागला गेला आणि पुढे त्यांचेच जळगाव व धुळे जिल्हे झाले. सरकारी दप्तरात मुलखाची नावे अशी पालटली, तरी आखाजीला वा चंपाषष्ठीला गावदेवतेच्या किंवा खंडेरायाच्या यात्रेत बारागाड्या ओढण्याचा प्रघात मात्र गावोगावी टिकून राहिला. एकामागे एक बांधलेल्या, माणसांनी खचाखच भरलेल्या बैलगाड्या हळदीने माखलेला भगत ओढतो, बगले त्याला दोन्ही अंगांनी साथ देतात आणि भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या वाटेवर मल्हारीचा जयघोष होतो. या क्षणाचे वर्णन सारेच करतात, परंतु त्यापूर्वीच्या सिद्धतेकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

माझ्या मते या प्रथेचा अर्धा इतिहास त्या सिद्धतेतच आहे. जिचा आरा ढिला, धाव सैल किंवा कणा वाकडा, अशी एक गाडी साऱ्या रांगेला अडवते. म्हणून जाणता सुतार चाक अधांतरी उचलून हाताने गरगर फिरवतो, कान देऊन त्याचा आवाज ऐकतो आणि मगच वंगणात भिजवलेली चिंधी कण्यावर फिरवतो. उभे ओझे प्रथम हलविण्यास जेवढा जोर लागतो तेवढा ते चालू लागल्यावर लागत नाही, हे तत्त्व ग्रंथ न उघडताही बलुतेदारांच्या हातांना अवगत होते, आणि त्यामुळे भगताच्या श्रद्धेचे मोल माझ्या लेखी किंचितही उणे होत नाही. आता शिवारात ट्रॅक्टर आला. लोखंडी धावेची लाकडी गाडी विरळ झाली, आणि चाकाचा आवाज ओळखणारा तो कानही.