जखमेला काय लावू? हळद, मध आणि दर दोन तासांची गोष्ट

मी कनेरगाव नाक्यावरून बोलतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

गेल्या काही दिवसांत तुमच्या व्हॉईस नोट्समधून एकच प्रश्न फिरून फिरून आला. आजी किंवा आजोबा बाजेला खिळलेत, माकडहाडापाशी जखम झालीये, महिने झाले तरी भरत नाही. दादा, काय लावू? मेडिकलच्या काउंटरवरही लोक हेच विचारतात, "जखमेला लावायला काहीतरी द्या." हा प्रश्न जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात आपल्या उपयोगाचं बरंच काही आहे.

सुश्रुतसंहितेत जखमेसाठी साठ उपक्रम सांगितलेत. त्यात लेप आहेत, धुणं आहे, पट्टी बांधणं आहे, मध-तूप आहे. लवकर भरणारी जखम वेगळी आणि चिघळत राहणारा 'दुष्ट व्रण' वेगळा, हा फरकही तिथे केलाय. तो फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता आपल्या घरच्या औषधाकडे येऊ. हिंगोली जिल्हा म्हणजे हळदीचा जिल्हा. वसमतची हळद सगळ्यांना माहीत आहे. बोट कापलं की चिमूटभर हळद दाबायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पण १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 'जखम भरण्यासाठी हळदीचा वापर' यावर चक्क पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं. तेव्हा तिचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळ गोव्यातल्या माशेलचे. सीएसआयआरने ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यात जुने ग्रंथ होते आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

ही गोष्ट सांगताना आपली छाती फुगते, आणि फुगायलाच पाहिजे. पण तिथे नेमकं काय सिद्ध झालं? हळद जखमेला लावतात हे भारताला आधीपासून ठाऊक होतं, एवढंच. आजीची चार महिन्यांची जखम हळदीने भरते का, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

मग घरातली वस्तू खरंच काम करते का, हे तपासायचं कसं? याचं उत्तर शोधलं आपल्याच महाराष्ट्रात, सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले सर्जन डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी. त्यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांचे दोन सारखे गट केले. ५२ जणांना पोळ्यातला शुद्ध मध लावून पट्टी बांधली. बाकी ५२ जणांना सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे भाजल्यावर जगभर वापरलं जाणारं पांढरं क्रीम. १९९१ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त निकाल छापून आला. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, क्रीमच्या गटातल्या ७ टक्के. पंधरा दिवसांत मधाच्या गटात ८७ टक्के जखमा भरल्या, दुसऱ्या गटात १० टक्के.

त्याच काळात मुंबईत परळच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. केसवानी उकडलेल्या बटाट्याच्या साली निर्जंतुक करून भाजलेल्या मुलांच्या जखमांवर बांधत होते. पुढे सायनच्या टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान वापरलं. पान आणि साल दोन्ही सारखीच उपयोगी ठरली, पण पान अकरा पट स्वस्त पडलं. पट्टी जखमेला चिकटू नये, काढताना लेकराने ओरडू नये आणि गरिबाच्या खिशाला परवडावी, हा सगळ्यांचा हेतू होता.

हे उपाय चालतात कसे? आपल्याकडे म्हणतात, जखमेला हवा लागू द्या, वाळू द्या. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून याच्या उलट दाखवलं. उथळ जखम झाकून ओलसर ठेवली, तर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने धरते. साल, पान, मध तिघंही ओल टिकवतात. मध वर जंतूंमधलं पाणी ओढून घेतो आणि हळूहळू थोडं हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार करतो.

झालं तर मग, आजीच्या जखमेला मध लावायचा? थांबा. सुश्रुताचा तो फरक आठवा. सोलापूरचे रुग्ण भाजलेले होते. विस्तव एकदा लागला आणि संपला. आजीच्या जखमेचं कारण मात्र अजून तिथेच आहे, रोज, चोवीस तास. न्यूझीलंडमध्ये पायावरच्या जुनाट, शिरांच्या आजाराने झालेल्या जखमा असलेल्या ३६८ लोकांवर मधाच्या पट्टीची चाचणी झाली. निकाल २००८ मध्ये आला. बारा आठवड्यांत मधाच्या गटात ५५.६ टक्के लोकांच्या जखमा भरल्या, नेहमीच्या पट्ट्यांच्या गटात ४९.७ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. शिवाय मध लावलेल्यांना दुखलं जास्त.

बेडसोरचं कारण आहे दाब. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपते, रक्त पोचत नाही, मांस आतून मरतं. वर दिसते ती जखम शेवटची पायरी असते. म्हातारपणी कातडी पातळ, अंगावर मांस नाही, जेवण कमी, त्यात लघवीची ओल.

हे ओळखून कामाला लागलेला माणूस म्हणजे लुडविग गुटमन. नाझी जर्मनीतून पळून इंग्लंडला आलेला ज्यू डॉक्टर. १९४४ मध्ये स्टोक मँडविल इथे त्यांच्याकडे मणक्याला गोळ्या लागलेले सैनिक आले. तेव्हा असे रुग्ण बहुतेक बेडसोर आणि लघवीच्या संसर्गानेच जायचे. गुटमननी नियम केला, दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसा आणि रात्रीही. माणसं जगली, आणि पुढे खेळायला लागली. पॅरालिम्पिकची सुरुवात तिथलीच.

आपल्याकडे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या तळपायाच्या जखमांबद्दल हेच दाखवलं. लोक समजायचे की रोगाने मांस सडतंय. खरं तर पायाला वेदना कळत नाही म्हणून माणूस त्याच जागेवर चालत राहतो. पायाला प्लास्टर घालून तिथला भार काढला की वर्षानुवर्षांची जखम भरायची. तीच रीत पुढे मधुमेहाच्या पायाला लागू पडली.

आता खरी अडचण बोलतो. दर दोन तासांनी कूस बदलणार कोण? माझ्या आजोबांच्या वेळी घरात मलमाच्या पाच ट्यूब होत्या आणि रात्री उठणारं माणूस एकच, माझी आई. ट्यूब विकत मिळते, झोपमोड विकत मिळत नाही. म्हणून तर आपण सगळे 'काय लावू' एवढंच विचारतो. जखम चिघळली की बोल मात्र सुनेला.

तर माझं उत्तर असं. जखम हलक्या हाताने सलाईनच्या पाण्याने धुवा, डॉक्टर सांगतील ती ओल धरणारी पट्टी लावा. बाजारातला मध, हळद, स्पिरिट खोल जखमेत भरू नका. दवाखान्यात वापरतात तो मध वेगळा, निर्जंतुक केलेला असतो. कमरेखाली कापडाची चुंबळ ठेवू नका, तिच्या कडेने रक्त आणखी अडतं. पोटऱ्यांखाली घडी केलेली वाकळ ठेवा म्हणजे टाचा अधांतरी राहतील. डाळ, अंडं, दूध पोटात जाऊ द्या, पण किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शुगर तपासा. काळा भाग, घाण वास, ताप किंवा भोवती पसरणारी लाली दिसली, तर हिंगोली असो वा वाशिम, जवळ पडेल तो दवाखाना त्याच दिवशी गाठा.

आणि हातात फोन आहेच. दर दोन तासांचा अलार्म लावा आणि घरात पाळ्या वाटून घ्या. रात्री दोनचा अलार्म तुमच्या नावावर घ्या. पोरगा असाल तरीही.