मगनचे तांबे

इ.स.पू. १७५० च्या सुमारास मेसोपोटेमियातल्या उर शहरात एआ-नासिर नावाचा व्यापारी तांबे विकत असे. नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने त्याला मातीच्या पाटीवर खरमरीत पत्र लिहिले: माल हलका दिलास, माझ्या माणसांचा अपमान केलास, आता पैसे परत कर. ही पाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एआ-नासिर तांबे आणायचा दिलमुनहून, म्हणजे आजच्या बहरीनमधून. बहरीनमध्ये मात्र तांब्याची खाण नाही. तिथले तांबे यायचे मुख्यतः मगनहून, आणि मगन म्हणजे आजच्या ओमानचा परिसर.

मेसोपोटेमियाच्या राजांना हे नाव चांगलेच ठाऊक होते. मेलुहा, मगन आणि दिलमुनची जहाजे आपण अक्कडच्या धक्क्याला लावली, अशी बढाई सार्गोनने मारली आहे. त्याचा नातू नाराम-सिन याने तर मगनवर स्वारीच केली आणि तिथून लुटून नेलेल्या दगडी भांड्यांवर तसे कोरूनही ठेवले. लगशच्या गुडिआने आपल्या पुतळ्यांसाठी काळाकभिन्न डायोराइट दगड मगनहूनच मागवला होता. मगनच्या माणसांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलेले मात्र काहीच सापडत नाही. त्यांचा इतिहास वाचायचा तो त्यांनी मागे टाकलेल्या वस्तूंवरून. राजांच्या बढायांपेक्षा हा पुरावा जास्त भरवशाचा आहे.

ओमानच्या डोंगरांत तांबे आले कुठून, याचे उत्तर समुद्राच्या तळाशी आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी महासागराच्या तळाचा एक प्रचंड थर जमिनीवर ढकलला गेला आणि त्याच्यासोबत तांब्याचे खनिजही वर आले. वादी समदमधल्या मैसर या ठिकाणी जर्मन संशोधकांना चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कांस्ययुगीन वस्तीत भट्ट्यांचे अवशेष, खनिज कुटण्याचे दगड, धातूच्या मळीचे ढीग आणि पावासारख्या फुगीर, गोल लगडी मिळाल्या. भट्टीला कोळसा लागतो आणि कोळशाला झाडे. या रखरखीत मुलखात तांब्याच्या प्रत्येक लगडीमागे किती लाकूड जळाले असेल, याचा विचार केला की त्या कामाची खरी किंमत कळते.

तांबे बाहेर जायचे समुद्रमार्गे. ओमानच्या पूर्व टोकाला रास अल-जिंझ आहे. आज लोक तिथे अंडी घालायला येणारी हिरवी कासवे पाहायला जातात. १९८५ पासून फ्रेंच आणि इटालियन पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा चिखलविटांच्या घरांत डांबराचे तुकडे निघाले. एका बाजूला बोरूच्या जुड्यांचे, दोरांचे आणि चटईचे ठसे. दुसऱ्या बाजूला बोटीच्या तळाला चिकटणारे समुद्री जीव. बोरूच्या बोटींना बाहेरून लावलेले हे डांबर खरवडून पुन्हा वापरण्यासाठी साठवून ठेवलेले होते! त्याच वस्तीत सिंधू संस्कृतीची मडक्यांची खापरेही सापडली. मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

अशी बोट खरोखर समुद्र ओलांडू शकेल का? हे पाहण्यासाठी बोरू, दोर आणि डांबर वापरून सुमारे बारा मीटर लांबीची ‘मगन बोट’ बांधली गेली. सप्टेंबर २००५ मध्ये ती ओमानमधल्या सूरहून गुजरातमधल्या मांडवीकडे निघाली. पण किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तिच्यात पाणी शिरले आणि ती बुडाली. खलाशी वाचले. प्रयोग फसला तरी त्यातून एक गोष्ट कळली: प्राचीन नावाड्यांची जी कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या हातात मुरली होती, ती डांबराच्या तुकड्यांवरून पुरती उतरवून घेता येत नाही.

पुढे सायप्रसचे तांबे पश्चिम आशियाच्या बाजारात आले आणि मगनचे नाव मेसोपोटेमियाच्या पाट्यांतून हळूहळू दिसेनासे झाले. डोंगरातले काम मात्र कायमचे थांबले नाही. इ.स.च्या नवव्या-दहाव्या शतकांत सोहार बंदराच्या मागे भट्ट्या पुन्हा धडधडू लागल्या. एक हजार वर्षांनंतर, १९७० च्या दशकात, भूशास्त्रज्ञ त्याच भागात तांब्याच्या शोधात फिरत होते, तेव्हा जुन्या कारागिरांनी टाकलेले काळ्या मळीचे ढीगच त्यांना खनिजाचा माग दाखवत होते. १९८३ मध्ये तिथली आधुनिक खाण सुरू झाली.