रोमचा वारसा आणि शार्लमेनचें साम्राज्य

इ. स. ४७६ मध्यें ओडोएसर नांवाच्या सेनानीनें रोम्युलस ऑगस्टुलस ह्या पोरवयाच्या बादशहास पदच्युत केलें व पश्चिमेकडील रोमन साम्राज्य लयास गेलें, असें आपण शाळेंत शिकतों. पूर्वेस कॉन्स्टँटिनोपल येथें तें १४५३ पर्यंत टिकलें. पश्चिमेस राजदंड मोडला तरी रोमचें नांव मात्र मेलें नाहीं. पडके पूल, कायद्याची स्मृति आणि लॅटिन भाषा ह्यांचा सांभाळ करणारी एक संस्था मागें उरली. ती पवित्र ख्रिस्तसभा. रोमन राज्यकारभारांत प्रांतांच्या समूहास ‘डायोसीझ’ म्हणत. तोच शब्द आज बिशपांच्या धर्मप्रांतास लागतो. वतनदार गेला, पण दप्तर देवळांत राहिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ह्या दप्तरावर पुढें वारसा सांगितला तो फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन ह्यानें. इ. स. ७९९ च्या एप्रिलांत पोप तिसरे लिओ ह्यांजवर रोममध्यें मिरवणूक चालली असतां प्रतिपक्षीयांनीं हल्ला केला. जीव बचावून ते आल्प्सपलीकडे पाडरबॉर्न येथें राजाच्या आश्रयास गेले. पुढील वर्षीं राजा स्वतः रोमला आला, आणि २५ डिसेंबर ८०० रोजीं, नाताळच्या मिस्सेच्या प्रसंगीं, संत पेत्राच्या मंदिरांत पोपमहाराजांनीं त्याच्या मस्तकीं मुकुट ठेविला. लोकांनीं सम्राट म्हणून त्याचा जयघोष केला. पोपचा हेतु आधीं कळता तर आपण त्या दिवशीं देवळांत पाऊल टाकलें नसतें, असें तो म्हणे, ही गोष्ट त्याचा चरित्रकार आइनहार्ट नमूद करतो. पंडितांत हिच्याविषयीं वाद आहे. आम्हांस वाटतें, त्याला मुकुट नको नव्हता, देणारा हात खुपत होता. कारण ८१३ सालीं आपला पुत्र लुई ह्यास त्यानें आखेन येथें पोपवांचूनच सम्राट केलें. आणि ८१६ सालीं पोप चौथे स्टीफन ह्यांनीं रीम्स येथें येऊन त्याच लुईस पुन्हां मुकुट घातला! ऑगस्टसच्या रोमला हा प्रश्न ठाऊकच नव्हता.

परंतु वारशाचें खरें रूपांतर मुकुटापाशीं झालें नाहीं. इ. स. २१२ मध्यें काराकाला बादशहानें साम्राज्यांतील जवळजवळ सर्व स्वतंत्र मनुष्यांस रोमन नागरिकत्व दिलें होतें. मनुष्य कोणत्या देवाचा उपासक, हें त्यासाठीं पाहिलें गेलें नाहीं. शार्लमेनच्या राज्यांत नागरिकत्वाची ती जागा बाप्तिस्म्यानें घेतली. जो ख्रिस्ती तो प्रजाजन, आणि जो प्रजाजन त्यानें ख्रिस्ती झालेंच पाहिजे, असा न्याय उत्तर जर्मनींतील सॅक्सन लोकांस लावण्यांत आला. ७८२ सालीं व्हर्डेन येथें एका दिवसांत ४,५०० सॅक्सनांचा शिरच्छेद झाला, असें खुद्द राजदरबाराची बखर लिहिते. बाप्तिस्मा नाकारणारास देहान्त शासन. धर्माच्या तिरस्कारानें उपवासकाळांत मांस खाणारासही तेंच. ज्या साम्राज्याच्या जुन्या बादशहांनीं हुतात्म्यांचें रक्त सांडलें, त्याच्या ख्रिस्ती वारसानें ख्रिस्ताच्या नांवानें तलवार उपसावी, हें वाचतांना मान खालीं जाते. महोत्सवाच्या अंकांत हें सांगावें काय, असें कोणी विचारील. सांगावें, कारण ह्या अन्यायाविरुद्ध शब्द उठला तो ख्रिस्तसभेच्याच कुशींतून.

आल्क्विन हा यॉर्कचा डीकन. राजाचा गुरु, सल्लागार व स्नेही. त्यानें ७९६ च्या सुमारास पत्रें लिहून बजाविलें कीं, श्रद्धा ही इच्छेची गोष्ट आहे, जबरीची नव्हे. मनुष्यास बाप्तिस्म्याकडे ओढून नेतां येईल, पण विश्वासाकडे नेतां येणार नाहीं. आणि नवख्या ख्रिस्ती लोकांवर दशमांशाचा बोजा लादणें अगदींच गैर. ७९७ मध्यें सॅक्सनांसाठीं जो नवा कायदा निघाला तो पहिल्याहून पुष्कळ सौम्य होता. गेलेले जीव त्यानें परत आले नाहींत, हेंही खरें.

हाच आल्क्विन विद्येच्या कामींही राजाचा उजवा हात होता. ७८९ च्या राजाज्ञेनें मठांत व बिशपांच्या ठिकाणीं मुलांसाठीं शाळा काढावयास सांगितलें, आणि धर्मग्रंथांच्या प्रती शुद्ध असाव्या असें बजाविलें. त्या काळीं सुटसुटीत, गोल वळणाची एक लिपि रूढ झाली. सीझरच्या गॉलच्या युद्धवृत्तांताच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या प्रती ह्याच नवव्या शतकांतल्या. मठवासीयांनीं नक्कल केली नसती तर पाखंडी रोमचें किती वाङ्मय हातीं लागलें असतें ह्याची शंकाच आहे. पुढें इटलींतील विद्वानांनीं तें वळण उचललें आणि छापखान्याचे रोमन खिळे त्यावरून घडले. १६१६ सालीं रायतूर येथें फादर स्टीफन्स ह्यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपींतच छापलें गेलें, हें वाचकांस ठाऊक असेलच.

लॅटिन शुद्ध झाली खरी, पण तिच्या शुद्धीमुळेंच ती सामान्य माणसापासून दूर गेली. तेव्हां ८१३ सालीं तूर येथील धर्मसभेनें ठराव केला कीं, प्रत्येक बिशपानें आपलीं प्रवचनें गांवढळ रोमन बोलींत अथवा जर्मन भाषेंत स्पष्टपणें उतरावीं, म्हणजे सांगितलेलें सर्वांस सहज समजेल. पुढच्याच वर्षीं, जानेवारी ८१४ मध्यें, शार्लमेन वारला. रोम व रॅव्हेना येथून आणविलेल्या संगमरवरी खांबांनीं सजविलेल्या आखेनच्या देवळांत त्याला पुरलें.