कनिष्ठ बचाव वकील

फौजदारी खटल्यात ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली आरोपीच्या बचावाचे काम शिकणारा नवा सनदधारक, बोलीत ‘ज्युनियर’. अधिवक्ता अधिनियम, 1961 नुसार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा, या त्याच्या पायऱ्या.  

गोदाकाठच्या सायखेड्याचा (ता. निफाड, जि. नाशिक) आरोपी अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभा केला जातो. ज्युनियरची खरी शाळा हीच. वकालतनाम्यावर सही घेणे, अटकेची कारणे कळवली होती का हे विचारणे, अंगावरच्या खुणा पाहणे आणि रिमांड अर्जातला प्रत्येक मुद्दा ज्येष्ठांच्या कानावर घालणे, हे सारे पुकारा होण्याआधी. जामीन मंजूर झाला तरी काम संपत नाही. जामीनदाराचा सातबारा किंवा ऐपतीचा दाखला वेळेत न आल्यास माणूस तुरुंगातच राहतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अंमल 1 जुलै 2024) कलम 187 मधील 60 किंवा 90 दिवसांची मुदत मोजणे हेही ज्युनियरचेच काम. ती उलटूनही दोषारोपपत्र न आल्यास आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो; पण दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज न पडल्यास तो हक्क जातो.

मोबदला तुटपुंजा असतो, ही या व्यवस्थेची मोठी उणीव. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये ग्रामीण ज्युनियरसाठी दरमहा किमान 15,000 रुपयांची शिफारस केली. ती बंधनकारक नाही.