परीक्षा दुधाची की पाजण्याची?

बाळंतिणीच्या खोलीत सर्वांत लवकर सुनावला जाणारा निकाल म्हणजे ‘हिला दूध पुरत नाही’. रडणारे बाळ हा पुरावा आणि वरच्या दुधाची बाटली हा उपाय. या निकालाची मुळे बरीच जुनी आहेत.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात स्तन्यपरीक्षा येते. दूध पाण्यात टाकावे. ते शंखासारखे पांढरे, पातळ असून पाण्याशी एकरूप झाले, फेस वा तंतू दिसले नाहीत, तर ते शुद्ध. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणारा सोरानस दुधाचा थेंब नखावर घेऊन तो कसा पसरतो ते पाही. दोन्हीकडे आरोपी एकच, दूध. ही कसोटी मुख्यतः पाजायला ठेवायच्या धात्रीसाठी होती. दूध उतरले नाही तर धात्री बदलता येई. आई बदलता येत नाही. तिच्या वाट्याला फक्त दोष आला.

गंमत अशी की, त्याच सुश्रुतसंहितेत दुसरी दृष्टीही आहे. बाळाच्या स्पर्शाने, दर्शनाने, नुसत्या आठवणीनेही दूध वाहू लागते, असे निदानस्थान सांगते. क्रोध आणि शोक यांनी ते आटते, असे शारीरस्थान म्हणते. आज आपण ऑक्सिटोसिन या संप्रेरकाने समजावतो तो पान्हा हाच. स्तनाला गळू झाले तर ते कच्चे असो वा पिकलेले, दूध काढत राहावे, असेही चिकित्सास्थानात आहे. म्हणजे दुखणे आले म्हणून पाजणे तोडायचे नाही, हा विचार आपल्याकडे नवा नाही.

आजचे वैद्यक दुधाचा थेंब तपासत नाही, बाळ पाहते. पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरते, पण दोन आठवड्यांत ते जन्माइतके व्हायला हवे. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी दुपटी ओली व्हावीत. पाजताना सतत कळ येत असेल, बोंडीला चिरा पडल्या असतील, तर दोष बहुधा बाळाने स्तन नीट तोंडात न घेण्याचा असतो. जाणत्या परिचारिकेने बाळ धरायची पद्धत सुधारली की पुष्कळदा तो सुटतो. स्तन लाल, गरम, कडक होऊन ताप आला, किंवा बाळ सुस्त पडून ओढेनासे झाले, लघवी कमी झाली, कावीळ वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

१९९२ च्या कायद्याने भारतात बाटल्यांच्या आणि डब्यातल्या बालदुधाच्या जाहिरातींना बंदी केली. घरातल्या निकालाला मात्र कोणताही कायदा लागू नाही. तो सुनावण्याआधी दुपटी मोजावीत, वजन करावे आणि बाळंतिणीला एकदा विचारावे, ‘बाई, दुखतंय का?’