पंचनामा आणि पडदा

कागद ज्याच्या हाती, इतिहास त्याचा. हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरातच शिकलो. माझे आजोबा बुलढाणा जिल्ह्यातील एका खेड्यात गायरानाचा तुकडा कसत. एका वर्षी त्यांच्या उभ्या ज्वारीत रातोरात ढोरे सोडण्यात आली. पंचनामा झाला. पंच गावातलेच, ढोरे सोडणारांच्या पंगतीत बसणारे. कागदावर आले : मोकाट जनावरांनी नुकसान केले. खाली आजोबांचा अंगठा. त्यांना वाचता येत नव्हते. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मी तो कागद वाचला, तेव्हा आजोबा हयात नव्हते. ज्वारी गेली, माणूस गेला. उरला तो कागद, आणि तो खोटा आहे.

दलितांच्या इतिहासलेखनाचा हाच पेच आहे. आमच्यावर काय झाले याचा पुरावा बहुतेक वेळा ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच व्यवस्थेने तयार केलेला असतो. १९७४ साली शेजारच्या अकोला जिल्ह्यात गवई बंधूंचे डोळे काढण्यात आले. ज्यांनी अन्याय पाहिला आणि त्याविरुद्ध तोंड उघडले, त्यांची दृष्टीच हिरावून घेण्यात आली. या व्यवस्थेला आमच्या पाहण्याचे भय वाटते. म्हणूनच माहितीपटाकडे मी करमणूक म्हणून नव्हे, तर साक्ष म्हणून पाहतो.

ही साक्ष नोंदवण्याची परंपरा आमच्यात नवी नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि ७ डिसेंबरला मुंबईत दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कार झाले. त्या महायात्रेचे चित्रण केले ते दलित समाजातून आलेले लेखक नामदेव व्हटकर यांनी. त्या दिवशी कॅमेरा उभा राहिला नसता, तर तो जनसागर केवळ आठवणीत उरला असता. माझ्या आजीला तेव्हा मुंबई गाठता आली नव्हती. पुष्कळ वर्षांनी आमच्या विहारात भिंतीवर चादर लावून ती दृश्ये दाखवली, तेव्हा ती उठून उभी राहिली आणि शेवटपर्यंत उभीच होती.

दुसरी साक्ष रमाबाई नगरची. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या या वस्तीत बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसे मेली. गॅसचे टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळ्या झाडल्या, असे सांगण्यात आले. हाही एक पंचनामाच! न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाला हे समर्थन पटले नाही. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. मरताना डोक्याला निळे कापड बांधले होते.

घोगरे यांचा आवाज आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात आलेला होता. त्यांच्या मृत्यूनंतर पटवर्धनांनी जे चित्रण सुरू केले ते चौदा वर्षे चालले आणि २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ हा तीन तासांहून मोठा चित्रपट पुरा झाला. चौदा वर्षे का? कारण न्यायालयाचा वेगच तेवढा होता. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने २००९ मध्ये जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयात त्याला जामीन मिळाला. वर्तमानपत्र आठवड्यात विसरते. येथे कॅमेरा थांबला, परत परत त्याच दारी गेला, त्याच आईला पुन्हा भेटला. माहितीपटाची ताकद या थांबण्यात आहे.

याच चित्रपटात खैरलांजी येते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. खुनाची शिक्षा झाली. परंतु ॲट्रॉसिटी कायदा न सत्र न्यायालयाने लागू मानला, न उच्च न्यायालयाने. म्हणजे मेलेली माणसे कागदावर आली, ज्या जातीमुळे ती मेली ती जात मात्र कागदावरून पुसली गेली. माझ्या आजोबांच्या पंचनाम्यात याहून वेगळे काय झाले होते?

तरीही एक प्रश्न उरतो. कॅमेरा कोणाच्या हाती? पटवर्धनांचे ऋण मान्य करूनही मी म्हणेन की, आमची गोष्ट नेहमी दुसऱ्यानेच सांगावी हे बरे नव्हे. म्हणून सोमनाथ वाघमारे या तरुणाने केलेला भीमा कोरेगाववरचा माहितीपट (२०१७) आणि ‘चैत्यभूमी’ (२०२३) मला महत्त्वाचे वाटतात. व्हटकरांनी जेथे कॅमेरा लावला होता, त्याच किनाऱ्यावर तो पुन्हा आमच्या माणसाच्या हाती आला आहे.

आज माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेरा आहे. पण मारहाण करणाराही आता मारहाणीचे चित्रण करतो आणि ते मिरवतो. तेव्हा नुसते चित्र म्हणजे साक्ष नव्हे. तारीख हवी, गाव हवे, मागचे कारण हवे, आणि बोलणाऱ्या माणसाची संमती व सुरक्षितता हवी. पीडितांची विटंबना पुन्हा पडद्यावर मांडणे हा विद्रोह नव्हे.

गेल्या उन्हाळ्यात दोन विद्यार्थ्यांना घेऊन मी गावी गेलो. ती रात्र पाहिलेले एक म्हातारे अजून आहेत. सुरुवातीला ते म्हणाले, “कायले उकरता बापू, झालं ते झालं.” मग तासभर बोलले. ढोरे कोणाची होती, हाकणारे किती होते, पंचांना रात्री जेवण कोठे मिळाले, सारे सांगितले. आम्ही ते नोंदवले आहे. त्यांच्या हयातीत ते बाहेर द्यायचे नाही, असे ठरले आहे. कोणतेही न्यायालय आता आजोबांची ज्वारी भरून देणार नाही. पण त्या खोट्या कागदाशेजारी ठेवायला आता आमच्याकडे एक खरा जबाब आहे. प्रत्येक गावात असा जबाब देऊ शकणारे कोणीतरी अजून जिवंत आहे. ते माणूस जाण्याआधी तेथे पोचणे, हे आपले काम आहे.