पंचांगाचा वाद आणि आकाशाची साक्ष

शास्त्रीय शोधांच्या बातम्या वाचून लोक चकित होतात. परंतु वादास उभे राहतात ते त्या शोधाचा संबंध आपल्या देवघराशी व स्वयंपाकघराशी आला म्हणजे. शनीला उपग्रह किती, ह्या प्रश्नावरून कोणत्याही गावात दोन तट पडल्याचे ऐकिवात नाही. उलट एकादशी आज की उद्या, ह्यावरून एका घरात दोन दिवस उपास घडले तर त्याचे कोणास नवल वाटत नाही. म्हणूनच आधुनिक ज्योतिषाचा महाराष्ट्रात प्रवेश झाला तेव्हा त्याची खरी परीक्षा विद्यालयात न होता पंचांगाच्या पानावर झाली. तो वाद सुमारे नव्वद वर्षे चालला. सोलापूरकरांनी तो समजून घ्यावा ह्यास विशेष कारण आहे. ग्रामदैवत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संक्रांतीच्या पर्वावर भरते, आणि महाराष्ट्रातील असंख्य घरांत ज्या पंचांगावरून ती संक्रांत पाहिली जाते ते दाते पंचांगही ह्याच शहरातून निघते.

वादाचे मूळ थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० मध्ये कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. ज्याचापांची कटकट टाळून केवळ साध्या गुणाकार-भागाकारांनी ग्रह साधता यावेत, अशी त्याची सोय होती. त्यामुळे गावोगावचे जोशी साडेतीनशे वर्षे त्यावरच पंचांगे करीत आले. गणेशाचा पिता केशव हा स्वतः आकाशाचे वेध घेणारा ज्योतिषी होता, आणि पुत्रानेही जुने ग्रंथ प्रत्यक्षाशी ताडून पाहूनच आपले अंक ठरविले होते. परंतु गणितातील सूक्ष्म चूक व्याजासारखी वाढत जाते. ज्यांनी डोळे उघडे ठेवून ग्रंथ रचला त्यांचे नाव पुढे करून पुढच्या पिढ्यांनी डोळे मिटून घेतले, हा आमच्या विद्येच्या इतिहासातील दुर्दैवाचा भाग होय.

हे डोळे पुन्हा उघडण्याचे श्रेय प्रामुख्याने केरो लक्ष्मण छत्रे ह्यांना दिले पाहिजे. तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेल्या ह्या गणितज्ञाने १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. युरोपातील सूक्ष्म गणित मराठीत आणणारा तो पहिला मोठा प्रयत्न होता. पुढे आबासाहेब पटवर्धन ह्यांच्या साहाय्याने १८६५ पासून त्या गणिताचे पंचांगही निघू लागले, व ‘पटवर्धनी’ ह्या नावाने ते ओळखले गेले. डेक्कन कॉलेजात छत्र्यांचे विद्यार्थी असलेले बाळ गंगाधर टिळक पुढे ह्याच वादाचे एक धुरीण व्हावेत, हा गुरुशिष्यपरंपरेचा स्वाभाविक परिणाम म्हणावा लागेल.

नव्या पंचांगावर जो आक्षेप आला तो निव्वळ हटवादाचा होता असे आम्हांस वाटत नाही. जुन्या गणिताप्रमाणे तिथी वाढली तर पाच घटिकांनी वाढते व घटली तर सहा घटिकांनी घटते. ‘बाणवृद्धी रसक्षय’ हे त्याचे सूत्र. सूक्ष्म गणिताने मात्र ती सात घटिकांनी वाढते व दहा घटिकांनी घटते असे निघाले. श्राद्ध, व्रत, पारणे ह्यांचे निर्णय जुन्या मर्यादा धरूनच झालेले होते. तेव्हा शास्त्री म्हणू लागले, की ग्रहणासारख्या दिसणाऱ्या गोष्टींना दृक्‌गणित खुशाल घ्यावे. पुण्यपापासारखे अदृष्ट फल ज्या तिथीवर अवलंबून आहे ती मात्र ऋषिप्रणीत गणितानेच साधावी. वडिलांचे श्राद्ध चुकीच्या तिथीस घडेल काय, ह्या भीतीची थट्टा करणे सोपे आहे. ज्याच्या मनात ती असते त्याला ती खरीच असते.

तथापि ह्या भेदाच्या पोटात एक मोठी मौज दडलेली होती. चंद्राची गती सूर्याच्या आकर्षणाने कमीअधिक होते. जुन्या ज्योतिष्यांनी चंद्राला जो संस्कार दिला तो ग्रहणांवरून, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या चंद्रावरून, बसविलेला होता. म्हणून त्या दोन दिवशी तो बराच जमतो. अष्टमीच्या सुमारास मात्र चंद्र गणितापेक्षा अडीच अंशांपर्यंत पुढे किंवा मागे असू शकतो. एक तिथी बारा अंशांची. तेव्हा ही चूक तिथीच्या पंचमांशाएवढी झाली! लोक आकाशाकडे पाहत ते ग्रहणाच्या वेळी, आणि चूक लपून बसली होती ती अष्टमीला. दृष्ट आणि अदृष्ट असा भेद करणाऱ्यांनी नकळत ह्या लपलेल्या चुकीलाच धर्माचे संरक्षण दिले. अमावास्येचा चंद्र एक व अष्टमीचा दुसरा, असे काही आकाशात नाही.

गणितावर विश्वास टाकणे म्हणजे काय, ह्याचा देखावा ह्याच जिल्ह्याने पाहिलेला आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी, पौष अमावास्येस, खग्रास सूर्यग्रहणाची छाया महाराष्ट्रावरून गेली. करमाळा तालुक्यातील जेऊर हे तिच्या मार्गावर होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रे घेऊन तेथे उतरले, आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल समुद्र ओलांडून त्याच माळावर आले. खग्रास अवस्था टिकणार होती ती सुमारे दोन मिनिटे. एवढ्या दोन मिनिटांसाठी अर्धी पृथ्वी ओलांडून येणारा मनुष्य आपल्या कोष्टकावर किती भरवसा ठेवून असेल, ह्याचा विचार करावा. कोष्टकाने शब्द दिला आणि आकाशाने तो पाळला. अशा ठिकाणी पक्ष व प्रतिपक्ष उरत नाही.

परंतु पंचांगाच्या वादात दुसरा एक प्रश्न मिसळला होता, आणि त्यानेच तो इतका लांबला. राशिचक्राचा आरंभ कोठून मोजावा? संपातबिंदू दरवर्षी सुमारे पन्नास विकला मागे सरतो. म्हणजे सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक व शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांचा सायनपक्ष म्हणे, की ऋतूंना सोडू नका, संपातापासूनच मोजा. त्यांच्या मताने मकरसंक्रमण डिसेंबरच्या २१-२२ तारखेस येते. निरयनवाद्यांना स्थिर तारा हवा होता. छत्रे व टिळक ह्यांनी रेवतीची योगतारा धरली; बागलकोटकडे शिक्षक असलेल्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रेच्या समोरचा बिंदू मान्य केला. दोहोंत अंतर सुमारे चार अंशांचे, म्हणून संक्रांतीतही अंतर चार दिवसांचे. टिळक पंचांगाची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास व इतरांची १४ च्या सुमारास येते ती ह्यामुळेच. कधी कधी अधिक मासही वेगळा पडतो.

हा दुसरा प्रश्न कोणत्याही दुर्बिणीने सुटणारा नव्हता. चंद्र कोठे आहे हे आकाश सांगते. मोजणीचा आरंभ कोठे करावा हे माणसांनी ठरवावयाचे असते. पहिला प्रश्न सत्याचा, दुसरा संकेताचा. १९०४ मध्ये मुंबईस पंचांगपरिषद भरली, पुढेही परिषदा झाल्या. पण दोन्ही प्रश्न एकाच तराजूत घातले गेले. संकेताच्या बाबतीत शास्त्राधार मागावा व सत्याच्या बाबतीत बहुमत मोजावे, असा उलटा व्यवहार पुष्कळदा झाला. दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ ह्या ग्रंथात स्वतः सायनवादी असूनही प्रतिपक्षाची बाजू सविस्तर मांडली. ही त्या वादातील सर्वांत टिकाऊ कमाई आहे असे आम्ही समजतो.

शेवटी निकाल परिषदांनी न लावता छापखान्याने व लोकांच्या सवयीने लावला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सोलापुरात नानाशास्त्री दाते ह्यांनी सुरू केलेले पंचांग घरोघर गेले. सूक्ष्म गणित आणि चित्रापक्ष असा त्यातील मेळ आहे. आमच्या मते त्याच्या यशाचे रहस्य ह्यातच आहे. चित्रापक्षाने संक्रांत जवळजवळ पूर्वीच्याच ठिकाणी राहिली. सिद्धेश्वराची यात्रा चार दिवस मागे ओढावी लागली नाही, आणि तिथी मात्र खऱ्या चंद्राची झाली. लोकांनी नवे सत्य घेतले, कारण त्याने त्यांचा जुना संकेत मोडला नाही.

स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी व पुण्याचे ज. स. करंदीकर होते. देशात सुमारे तीस प्रकारच्या कालगणना चालू असल्याचे तिला आढळले. व्यवहारासाठी सायन वर्ष व धर्मकृत्यांसाठी स्थिर अयनांश, अशी तोड तिने काढली, आणि २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ ह्या दिनांकाने, राष्ट्रीय पंचांग अमलात आले. राजपत्रात ते नांदले. सणवारांत लोकांनी आपले जुनेच चालविले. सरकारी शिक्क्यानेही संकेत बदलत नाही, हे ह्यावरून दिसते.

संकेताचे ज्ञान नसले म्हणजे इतिहासही कसा बिघडतो पाहा. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या संग्रामास कित्येक ‘संक्रांतीचा दिवस’ म्हणतात. पण त्या काळी मकरसंक्रमण जानेवारीच्या १०-११ तारखेस होत असे. १८६३ मध्ये ते १२ तारखेस आले. स्वामी विवेकानंदांचा जन्म त्याच दिवसाचा. २०२४ मध्ये संक्रांत १५ तारखेस आली, २०२५ मध्ये १४ स. ती सरकली की दर जानेवारीत वर्तमानपत्रांत कुजबुज सुरू होते, जणू काही सूर्याचीच चाल बिघडली! सूर्य बिघडलेला नाही. आपण मोजणीचा खुंटा कोठे ठोकला आहे, एवढेच आपण विसरलो आहो.

आज लसीपासून यंत्रबुद्धीपर्यंत नवनव्या शोधांवर आपल्या चावडीत वाद होतात. त्या प्रत्येकात आकाशाने सांगावयाचा एक भाग असतो व माणसांनी ठरवावयाचा एक. पहिल्या भागात मतदान चालत नाही, आणि दुसऱ्या भागात तज्ज्ञाला इतरांहून अधिक मत नाही. हे दोन भाग प्रथमच वेगळे केले असते तर आमच्या पूर्वजांच्या वादाची पुष्कळ वर्षे वाचली असती. आपली तरी वाचावीत.